त्रैक्य: देव एक, व्यक्ती तीन
ख्रिस्ती श्रद्धेत देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत. मराठी ख्रिस्ती यालाच त्रैक्य म्हणतात. पिता निर्माता, पुत्र तारणारा, आत्मा पवित्र करणारा असे म्हणतात खरे. पण ही कामांची वाटणी नव्हे, प्रत्येक कार्यात तिघेही असतात. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा, हे नायसियाच्या धर्मसभेने ३२५ मध्ये ठरवले. कॅथलिक माणूस कपाळ, छाती, मग डावा-उजवा खांदा शिवतो तो ही तिन्ही नावे घेतच. गणित मात्र सहज सुटत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई याच मुद्द्यावर तिथल्या मठातील भगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावी त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले.