श्रद्धा कीं निमूटपणा? पवित्र शास्त्रांतील स्त्रियांची साक्ष

‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द आपल्या ख्रिस्ती घरांतून फार सहज उच्चारले जातात. पीक बुडालें, देवाची इच्छा. मूल दगावलें, देवाची इच्छा. मुलीची शाळा मध्येंच थांबली, तीहि देवाचीच इच्छा. पहिल्या दोन गोष्टींपुढें मनुष्याचें फारसें चालत नाहीं, हें खरें. परंतु तिसरी गोष्ट घरच्या मंडळींनीं केलेली असते, आणि तिच्यावर शिक्का मात्र देवाच्या नांवाचा मारला जातो. ज्या मुलीवर असा प्रसंग येतो तिला ‘श्रद्धा ठेव’ असा उपदेश मिळतो, व तोंड मिटून बसावें एवढाच त्याचा अर्थ ती समजते. श्रद्धा म्हणजे निमूटपणा, हा समज पवित्र शास्त्राला धरून आहे काय, याचा विचार त्याच शास्त्रांतील कांहीं स्त्रियांच्या चरित्रांवरून करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम निर्गमाच्या पहिल्या अध्यायांतील दोन सुइणी घेऊं. मिसर देशांत इस्राएल लोकांची संख्या वाढलेली पाहून तेथील राजाला धास्ती वाटली, आणि इब्री स्त्रीला मुलगा झाल्यास त्याला तत्काळ मारावें, असा हुकूम त्यानें शिप्रा व पुवा या सुइणींस दिला. त्यांनीं तो पाळला नाहीं. कारण त्या देवाचें भय बाळगणाऱ्या होत्या. येथें एक गोष्ट मोठी लक्षांत ठेवण्याजोगी आहे. या अध्यायांत त्या बलाढ्य राजाचें नांव दिलेलें नाहीं. ‘फारो’ ही त्याची केवळ पदवी. परंतु त्या दोन सुइणींचीं नांवें मात्र जपून ठेविलेलीं आहेत. श्रद्धा आज्ञाधारक असते, यांत शंका नाहीं; पण आज्ञा कोणाची आहे व ती कोणाच्या जिवावर उठली आहे, हें ती आधीं पाहते.

आतां रूथकडे वळूं. शास्त्यांच्या काळीं बेथलेहेमांत दुष्काळ पडला, तेव्हां नामी ही आपला पति व दोन पुत्र यांजबरोबर मवाब देशीं जाऊन राहिली. पुढें तिन्ही पुरुष वारले आणि घरांत तीन विधवा उरल्या. नामीनें दोन्ही सुनांना माहेरीं परत जाण्यास सांगितलें. अर्पा रडत रडत परत गेली. शास्त्रानें तिला दोष दिलेला नाहीं. रूथ मात्र सासूबरोबर राहिली. कोणीं तिला राहावयास लाविलें नव्हतें. उलट जाण्याचाच आग्रह होता. म्हणजे तिची निष्ठा ही तिची स्वतःची निवड होती. शिवाय मवाबी लोकांना परमेश्वराच्या मंडळींत प्रवेश नाहीं, असें अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत म्हटलें आहे. असें असतांहि ती परक्या गांवीं गेली.

आणि तेथें जाऊन ती हात जोडून बसली नाहीं. शेताच्या कडेचें पीक कापूं नये व कापणींत गळलेलीं कणसें मालकानें वेचूं नयेत. तो सरवा गरीब व परदेशी यांजसाठीं सोडावा, असें मोशेच्या नियमशास्त्रांत सांगितलें आहे. या नियमाचा आधार घेऊन रूथ स्वतः सरवा वेचावयास निघाली. दिवसभर वेचून संध्याकाळीं तिनें तो झोडला, तेव्हां सुमारें एक एफा, म्हणजे अदमासें २२ लिटर सातू भरले. हीच रूथ पुढें दावीद राजाची पणजी झाली, आणि मत्तयानें दिलेल्या प्रभु येशूच्या वंशावळींत या मवाबी स्त्रीचें नांव आलें आहे. तिची श्रद्धा कमरेला पदर खोंचून उन्हांत राबणारी होती.

तिसरें चरित्र हन्नेचें. तिला मूलबाळ नव्हतें, आणि तिची सवत पनिन्ना दरवर्षीं शिलो येथें जातांना तिला टोंचून बोलत असे. पति एलकाना प्रेमळ होता. पण दहा पुत्रांपेक्षां मी तुला अधिक नाहीं काय, या अर्थाचें त्याचें समाधान तिच्या दुःखापर्यंत पोहोंचत नव्हतें. ती मंदिरांत गेली आणि परमेश्वरापुढें तिनें आपलें मन मोकळें केलें. ओंठ हालत होते, शब्द मात्र ऐकूं येत नव्हते. याजक एली याला वाटलें कीं, ही मद्य प्यालेली आहे, व त्यानें तिला बोल लाविला. हन्ना येथें गप्प राहिली असती, तर तिला विनयशील म्हणून कोणींहि वाखाणलें असतें. तिनें मात्र मान राखून, पण स्पष्टपणें सांगितलें कीं, मी प्यालेलें नाहीं. मी दुःखानें प्रार्थना करीत आहें. एलीनें आपला शब्द फिरवून तिला आशीर्वाद दिला. धर्मगुरूचाहि समज चुकीचा असूं शकतो, आणि तो नम्रपणें दुरुस्त करणें हा अधर्म नव्हे, हें या प्रसंगावरून स्पष्ट होतें.

नव्या करारांतील कनानी स्त्रीची गोष्ट याहून विलक्षण आहे. सोर व सीदोन यांच्या प्रांतांत ती आपल्या पीडित मुलीसाठीं प्रभूच्या मागें ओरडत आली. प्रभूनें प्रथम उत्तरच दिलें नाहीं. शिष्यांनीं तिला घालवून देण्याची विनंती केली. पुढें मुलांची भाकर कुत्र्यांना घालणें बरें नव्हे, असें कठोर वाटणारें उत्तर मिळालें. तिनें त्याच दृष्टांताचा धागा पकडून म्हटलें कीं, धन्यांच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्र्यांनाहि मिळतोच. प्रभूला हें उद्धटपणाचें वाटलें नाहीं. त्यानें तिच्या श्रद्धेला मोठी म्हटलें व तिची मुलगी बरी केली. मत्तयाच्या शुभवर्तमानांत प्रभूनें ज्यांच्या श्रद्धेची अशी थोरवी सांगितली, तीं माणसें दोनच: एक रोमी शताधिपति व दुसरी ही स्त्री, आणि दोघेंहि यहूदी समाजाबाहेरचीं. जी आपल्या लेकरासाठीं देवाशींहि वाद घालते, तिला प्रभूनें अश्रद्ध म्हटलें नाहीं.

पांचवी मग्दालीया मरीया. तिच्याविषयीं एक गैरसमज अद्यापि ऐकूं येतो कीं, ती पूर्वीं वेश्या होती. चारी शुभवर्तमानांत असें कोठेंहि नाहीं. तिच्यांतून सात भुतें निघालीं होतीं आणि योहान्ना, सुसान्ना इत्यादि स्त्रियांसह ती आपल्या द्रव्यानें प्रभूची व शिष्यांची सेवा करीत असे, एवढेंच लूक सांगतो. इ. स. ५९१ मध्यें पोप ग्रेगरी यांनीं एका प्रवचनांत तिला लूकाच्या सातव्या अध्यायांतील पापी स्त्रीशीं एक मानलें, तेव्हांपासून हा समज पश्चिमेकडील मंडळींत दृढ झाला. वधस्तंभाजवळ ती उभी होती, आणि पुनरुत्थित प्रभूचें दर्शन झाल्याचें वर्तमान तिनें शिष्यांना नेऊन सांगितलें. त्या काळीं यहूदी समाजांत स्त्रीच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतकें वजन नव्हतें. स्त्रियांनीं रिकाम्या कबरेची वार्ता आणिली, तेव्हां प्रेषितांनाहि ती खरी वाटली नाहीं, असें लूक मोकळेपणें लिहितो. तरीहि प्रभूनें आपल्या पुनरुत्थानाची पहिली साक्ष स्त्रियांच्या तोंडीं दिली. ज्यांचें कोणी ऐकत नाहीं, त्यांना त्यानें बोलावयास लाविलें.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रभूची माता मरीया हिनें तर सारें मुकाट्यानें स्वीकारलें. ती आपणांस आदर्श नव्हे काय? ती आदर्श आहेच. पण लूकाचा पहिला अध्याय शांतपणें वाचून पाहावा. देवदूताचा निरोप ऐकून तिनें आधीं प्रश्न केला कीं, हें कसें होईल? उत्तर मिळाल्यावर, पुढें लोकापवादाचें भय असतांहि, तिनें आपला होकार दिला. हा होकार समजून उमजून दिलेला आहे. तिच्या गळ्यांत तो कोणीं बांधलेला नाहीं. त्यानंतर ती डोंगराळ प्रदेशांतील अलीशिबेकडे त्वरेनें निघून गेली, आणि तेथें तिनें जें स्तोत्र गाइलें त्यांत गर्विष्ठांचा पाडाव व दीनांचा उत्कर्ष यांची घोषणा आहे. निमूट मनांतून असें स्तोत्र निघत नाहीं. जो प्रश्न विचारूं शकतो, त्याच्याच होकाराला मोल असतें.

आपल्या महाराष्ट्रांत या प्रकारची श्रद्धा पंडिता रमाबाईंच्या ठायीं दिसून आली. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु तेथील धर्मभगिनी व गुरुजन यांची प्रत्येक शिकवण त्यांनीं डोळे मिटून घेतली नाहीं, पत्रांतून अनेक प्रश्न केले. १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून निराश्रित मुली व विधवा त्यांनीं स्वतः जाऊन आणिल्या, आणि केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें त्यांना शिक्षण व उद्योग दिला. मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनीं संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला. दुष्काळ ही देवाची इच्छा आहे, असें म्हणून त्या घरीं बसल्या असत्या, तर त्या मुलींचें काय झालें असतें?

तर मग श्रद्धेचें लक्षण काय? ज्या देवावर आपला भरंवसा आहे, त्याच्यापुढें आपलें दुःख व आपले प्रश्न न लपवितां नेणें. त्याची आज्ञा व मनुष्याचा हुकूम यांतील भेद ओळखणें. आणि जें काम हातीं आहे तें करूं लागणें. आपल्या हातून होण्यासारखें सारें करून झाल्यावर जें उरतें, तें देवाच्या हातीं सोंपविणें हीहि श्रद्धाच आहे. मात्र तिची पाळी शेवटीं येते, आरंभीं नव्हे.

विद्यार्थिनींनो, तुमचें शिक्षण थांबविण्याची गोष्ट घरांत निघाली, तर हन्नेप्रमाणें प्रार्थना करा, आणि हन्नेप्रमाणेंच मान राखून आपलें म्हणणें स्पष्ट सांगा. विद्यार्थ्यांनो, बहिणीच्या बाजूनें एक शब्द बोलण्यास तुम्हीं संकोचूं नका. घरांत तुमच्या शब्दाला तिच्या शब्दाहून अधिक मान मिळत असेल, तर तो मान तिच्या कामीं लावा. आणि हा अंक ज्या वडील मंडळींच्या हातीं पडेल, त्यांना एवढीच विनंती कीं, त्यांनीं रूथच्या चरित्रांतील बवाजाकडे पाहावें. रूथ कष्टाळू होती, श्रद्धाळू होती; तथापि शेताची कड मोकळी ठेवणें आणि मुद्दाम कांहीं कणसें गळूं देणें हें काम मालकाचेंच होतें, व तें त्यानें केलें. मुलीला श्रद्धेचा उपदेश करण्यापूर्वीं आपल्या शेताची कड आपण तिच्यासाठीं मोकळी ठेविली आहे काय, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.