संगणकाचे ठोके आणि विजेची वाट

जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ते येथे जन्मले. अक्षर कसे लिहावे, तेही त्यांनी दासबोधात सांगितले आहे. त्या काळी कागद बोरूने लिहीत. आता सातबारा संगणकातून निघतो. कधी झटकन निघतो, कधी माणूस ताटकळतो. "आज मशीन लई हळू चालतंय," असे आपण ऐकतो. हळू म्हणजे काय? चला, समजून घेऊ.

संगणकाच्या पेटीत एक लहान चौकोनी तुकडा असतो. त्याला प्रोसेसर म्हणतात. बेरीज-वजाबाकी तोच करतो. भजनात टाळाच्या ठोक्यावर पाऊल पडते ना? तसेच प्रोसेसरचे काम ठोक्या-ठोक्याने पुढे सरकते. १९७१ साली इंटेल कंपनीचा ४००४ नावाचा प्रोसेसर बाजारात आला. त्याचे ठोके सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजार. आजच्या साध्या संगणकात ते ३०० कोटींच्या आसपास असतात. यालाच ३ गिगाहर्ट्झ म्हणतात.

पण नुसते ठोके मोजून भागत नाही. एका औतापेक्षा चार औते रान लवकर नांगरतात. म्हणून आता एका प्रोसेसरात चार-आठ कोअर, म्हणजे जणू चार-आठ औते असतात. पुण्याच्या हवामान संस्थेत २०२४ साली 'अर्क' हा महासंगणक सुरू झाला. त्यात हजारो कोअर एकदम राबतात आणि पावसाचे गणित मांडतात.

आता वीज पाहू. घरातली वीज २३० व्होल्टची. प्रोसेसरला लागते अवघी १ व्होल्टच्या आसपास! थेट दिली तर तो जळून जाईल. म्हणून पेटीत पॉवर सप्लायचा डबा असतो. तो वीज १२ व्होल्टवर उतरवतो. पुढे मदरबोर्ड नावाच्या पाटीवर ती आणखी उतरते. कालव्याचे पाणी चारीत, चारीचे वाफ्यात, तसेच हे. डब्यातून पाटीकडे दोन मुख्य जोड जातात. त्यांतला लहान जोड खास प्रोसेसरचा. तो निसटला, तर पंखा फिरेल, पण पडदा काळाच राहील.

काम करताना प्रोसेसर तापतो. पंखा त्याला वारा घालतो. पंख्यात धूळ साचली, की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. कधी दोष इंटरनेटचाही असतो. म्हणून नवे मशीन घेण्याआधी प्लग काढून धूळ झाडून घ्यावी.

आता सर्वांत मोठी गोष्ट. पेटीच्या संगणकाच्या प्लगला तीन पाय असतात. जाड, लांब पाय अर्थिंगचा. त्याची तार जमिनीत जाते. पेटीच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. काही जण बोर्डात बसत नाही म्हणून हा पाय कापतात. मग वाट बंद! पत्र्याला हात लावला, की वीज माणसाच्या अंगातून जाते. माणूस दगावतो.

म्हणून आमचे एवढेच सांगणे. ठोके किती, ते मागाहून विचारा. आधी प्लगचे पाय मोजा. तीन आहेत ना? आणि तिसऱ्याची तार जमिनीपर्यंत पोचली आहे ना, ते वायरमनकडून तपासून घ्या.