दोघी मैत्रिणी दिल्लीत

लग्नानंतर मैत्रिणी भेटतात त्या एखाद्या कार्यात, पंगतीच्या गडबडीत. निवांत बोलणे राहूनच जाते. तेव्हा दोन दिवस घर नवऱ्यावर आणि मुलांवर सोपवावे नि शनिवार-रविवार दोघींनीच दिल्ली गाठावी. मात्र ‘दिल्ली दर्शना’च्या बसमध्ये बसू नये. कुतुबमिनार ते लाल किल्ला धावताना गप्पा पुन्हा राहतील!

त्यापेक्षा कोपर्निकस मार्ग निवडावा. पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञाचे नाव मिरवणारा हा रस्ता मंडी हाऊसच्या चौकातून निघतो आणि इंडिया गेटजवळ संपतो. पायी जेमतेम १५-२० मिनिटे. मेट्रोही चौकापर्यंत येते. तेथेच वास्तुशिल्पी हबीब रहमान यांचे १९६१ सालचे रवींद्र भवन आहे. त्यातील ललित कला अकादमीच्या दालनांत चित्रप्रदर्शने भरतात. संध्याकाळी कमानी सभागृहात नाटक किंवा नृत्य पाहावे. कार्यक्रमाची चौकशी आधी करावी, काहींना तिकीटही नसते. मग जवळच्या बंगाली मार्केटात गोलगप्पे. दिसायला आपली पाणीपुरीच, पण रगडा शोधू नये!

जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर असल्याने वाटेत मराठी कानी पडले तर नवल नाही.

रविवारी सकाळी इंडिया गेट पाहून जयपूर हाऊसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जावे. अमृता शेरगिल यांची चित्रे तेथे आहेत. घाई करू नये. पुढचे ठिकाण ठरलेलेच नाही. सोमवारी मात्र संग्रहालय बंद असते. बेत फेब्रुवारी-मार्चमध्ये आखावा. मे महिन्यात दिल्लीची दुपार पायी फिरू देत नाही.