फोटोग्राफी शिकताय? बॉडीआधी लेन्स बघा

फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला की घरात कॅमेऱ्याचा विषय निघतो आणि दुकानात मेगापिक्सेलचा. खरे तर २४ मेगापिक्सेलच्या फोटोची १२ बाय १८ इंची प्रिंट उत्तम निघते; विद्यार्थ्याला तेवढे पुरे. शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ हाताने बदलता यावे आणि फोटो ‘रॉ’मध्ये साठवता यावा, हे जास्त महत्त्वाचे.

ही सोय जुन्या डीएसएलआरमध्येही असते. मिररलेस कॅमेरे हलके, नव्या लेन्सही बहुतेक त्यांच्यासाठीच येतात; पण बजेट तोकडे असेल तर सेकंडहँड डीएसएलआर घेण्यात कमीपणा नाही. घेताना शटर काउंट विचारावा. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी नाही ना, तेही पाहावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती सहज धरते.

फसगत होते ती लेन्स घेताना. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे जुनी ५० एमएम एफ/१.८डी लेन्स त्यांवर बसते, पण ऑटोफोकस चालत नाही. फोकस हातानेच करावा लागतो. त्याऐवजी ‘जी’ मॉडेल घ्यावे. कॅननच्या ईएफ लेन्समध्येच मोटर असल्याने तिथे ही अडचण येत नाही.

किटमधली १८-५५ टाकाऊ नाही. मात्र ५५ एमएमवर तिचे अ‍ॅपर्चर एफ/५.६पर्यंतच उघडते, एफ/१.८ची लेन्स त्याच्या सुमारे दहापट उजेड आत घेते. लहान सेन्सरवर ५० एमएम लेन्स पोर्ट्रेटला छान, पण छोट्या खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. तिथे ३५ एमएम बरी.