हाड वाढतं ते टोकांपाशी

कान दुमडून सोडा, लगेच पूर्ववत होतो. ही लवचीक कूर्चा, म्हणजे कार्टिलेजचा एक प्रकार. (पाळीत मात्र कूर्चा नसते.) मणक्यांमधल्या चकत्यांत असते ती तंतुमय कूर्चा, दाब सोसणारी. तिसरी काचाभ, म्हणजे निळसर, गुळगुळीत. नाकात, बरगड्यांच्या पुढच्या टोकांना आणि सांध्यांत ती सापडते. उंचीचा सगळा कारभार हिच्याकडे.

मांडीचं हाड मधून ताणलं जाऊन वाढत नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडावर अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन छिद्रं पाडली. दोन महिन्यांनी हाड लांब झालं होतं, छिद्रांमधलं अंतर मात्र तेवढंच! हे त्याने 1727 मध्ये छापलं. वाढ होते ती टोकांजवळच्या वाढपट्टीत. तिथे काचाभ कूर्चेच्या पेशी रांगेने विभागतात, फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. एक्स-रेत ही पट्टी काळ्या फटीसारखी दिसते. नवख्याला फ्रॅक्चरच वाटावं.

पौगंडावस्थेच्या अखेरीस इस्ट्रोजेनमुळे पट्टी बुजते, मुलग्यांतही. त्यानंतर उंची वाढवण्याच्या पावडरींवर पैसे घालवू नका.