माहिती चौकट: कवायत मैदानावर, पाळणा घरी

प्रशिक्षण कुठे? मुदखेडला (जि. नांदेड) सीआरपीएफचे केंद्रीय प्रशिक्षण महाविद्यालय, लातूरला याच दलाचे रंगरूट प्रशिक्षण केंद्र, चाकूरला (जि. लातूर) बीएसएफचे.

लष्कर वेगळे. ही दोन्ही दले केंद्रीय गृहखात्याची. लष्कर संरक्षण खात्याचे. त्याचे रजेचे नियम स्वतंत्र.

पितृत्व रजा (केंद्रीय नागरी सेवा रजा नियम १९७२, नियम ४३-अ)

• १५ दिवस, भरपगारी. इतर रजेच्या खात्यातून वजा होत नाही.

• हयात अपत्ये दोनपेक्षा कमी हवीत. शिकाऊ कर्मचाऱ्यालाही लागू.

• बाळंतपणाआधी १५ दिवसांपासून जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते, पुढे बुडते. १० मार्चला मुलगी झाली आणि बारसे हुकले, तरी साधारण १० सप्टेंबरपर्यंत मुदत.

अग्निवीर. योजना जाहीर १४ जून २०२२. सेवा चार वर्षे, त्यातच प्रशिक्षण. उमेदवार अविवाहित हवा. सेवाकाळात लग्नाला मनाई. वार्षिक रजा ३० दिवस, आजारपणाची रजा डॉक्टरी सल्ल्यानुसार.

लष्करभरती कार्यालय. नांदेडकरांसाठी छत्रपती संभाजीनगर, लातूरकरांसाठी पुणे.