चार पाण्यांची बाग : संत तेरेसाचे एक रूपक

ख्रिस्ती धर्मसाहित्यात बागेची प्रतिमा आरंभापासून आढळते. उत्पत्तीच्या पुस्तकात ईश्वर पहिल्या मानवाला एदेन बागेची मशागत करण्यासाठी ठेवतो. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीया पुनरुत्थित ख्रिस्ताला माळी समजते. आणि पौल करिंथकरांना सांगतो की लावणारा व पाणी घालणारा हे निमित्तमात्र असून वाढ ईश्वराकडून होते. मग माळ्याच्या श्रमांचे मोल काय? या प्रश्नाचे एक सूक्ष्म उत्तर स्पेनमधील कार्मेलाईट संन्यासिनी आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) हिच्या आत्मचरित्रात मिळते.

हा प्रश्न तिच्यापुरता केवळ तात्त्विक नव्हता. 'अलुम्ब्रादोस' म्हणजे 'प्रकाशित' म्हणवले जाणारे साधक सर्व प्रयत्न सोडून ईश्वरी प्रेरणेची वाट पाहतात, असा ठपका ठेवून स्पेनच्या इन्क्विझिशनने १५२५ मध्ये त्यांच्याविरुद्ध फर्मान काढले होते. १५५९ मध्ये लोकभाषेतील अनेक आध्यात्मिक पुस्तकांवर बंदी आली, आणि लॅटिन न जाणणाऱ्या तेरेसाचा वाचनाधार तुटला. अशा वातावरणात, धर्मगुरूंच्या आज्ञेवरून, तिने आपला प्रार्थनानुभव लिहिला. १५६५ मध्ये सिद्ध झालेले त्याचे हस्तलिखित पुढे अनेक वर्षे इन्क्विझिशनच्या ताब्यात राहिले. ग्रंथ छापला गेला तो तिच्या मृत्यूनंतर, १५८८ मध्ये.

या ग्रंथाच्या अकराव्या ते बाविसाव्या प्रकरणांत बागेचे रूपक विस्ताराने येते. जीव ही नापीक, तणाने भरलेली जमीन. तण उपटणारा आणि रोपे लावणारा ईश्वरच; साधकाने माळी होऊन ती रोपे जगवायची, म्हणजे बागेचा धनी तेथे रमेल. पाणी देण्याच्या रीती चार. पहिली, विहिरीतून हातांनी पाणी शेंदण्याची. हे नवसाधकाचे कष्टाचे ध्यान. दुसरी रहाटगाडग्याची, श्रम कमी, पाणी अधिक, आणि चित्तात विश्रांती. तिसरी, नदीच्या किंवा ओढ्याच्या वाहत्या पाण्याची. येथे माळ्याचे काम जवळजवळ ईश्वरच करतो. चौथी पावसाची, हे मीलन, आणि त्यात माळ्याचा हात मुळीच नाही.

या क्रमात प्रगतीचे माप झाडांच्या उंचीवर ठरत नाही. बाग तीच, माळीही तोच. पाणी येण्याची वाट तेवढी बदलते. श्रम उतरत जातात आणि कृपा चढत जाते. परंतु येथेच तेरेसा सावध आहे. विहीर कोरडी पडली तरी माळ्याने आपले काम सोडू नये, कारण धन्याच्या मनात असेल तर तो पाण्यावाचूनही फुले जगवील. पाऊस अनेकदा माळी बेसावध असतानाच येतो. तरी आरंभीच्या काळात तो बहुधा दीर्घ प्रार्थनेनंतरच येतो, असेही ती नोंदवते. म्हणजे शेंदण्याने पाऊस पडत नाही, पण पावसाच्या आशेवर शेंदणे थांबवणाऱ्याची बाग वाळते. अलुम्ब्रादोसांवरील आक्षेपाला वादाविना दिलेले हे उत्तर आहे.

रूपकाची सामग्री तिच्या भूमीतली आहे. रहाटगाडग्याला स्पॅनिशमध्ये 'नोरिया' म्हणतात, आणि हा शब्द अरबीतून आला आहे. कोरड्या कास्तीलमधील वाचकाला पाण्याचे कष्ट समजावून सांगावे लागत नव्हते. दख्खनच्या वाचकालाही ते सांगावे लागत नाहीत.

मराठी संतपरंपरेत सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील, तेराव्या शतकातील सावता माळी या संदर्भात आठवतो. साम्य मात्र मर्यादित आहे. सावत्याचा मळा खराखुरा आहे. त्यातील भाजीपाल्यातच त्याला विठ्ठल दिसतो आणि त्याचे नित्यकर्म हीच पूजा ठरते. तेरेसाची बाग अंतःकरणात आहे, आणि तिचा धनी माळ्याहून वेगळाच राहतो. सावत्याला आपले काम टाकून अन्यत्र जाण्याचे कारण उरत नाही. तेरेसाच्या माळ्याला आपले काम हातातून काढून घेतले जाण्याची तयारी ठेवावी लागते. दोन्ही ठिकाणी प्रतिमा माळ्याचीच असली, तरी भक्तीत श्रमाचे स्थान कोणते, याविषयीचा निर्णय दोन्हीकडे वेगळा आहे. तुलनात्मक अभ्यासाने प्रतिमासाम्यावर न थांबता या निर्णयापर्यंत पोचणे आवश्यक ठरते.